माश्या मारायला

मुलीने सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडून लोकांना फ्लाय फिशिंग शिकवायचं ठरवलं. म्हणजे दोऱ्यापिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासे पकडणं. मी फोनवर भडकलो. म्हटलं, "मग बस जन्मभर माश्या मारत!" ती म्हणाली, "हो बाबा, एक्झॅक्टली!" ते उलट उत्तर मला फार झोंबलं. पुढची तीन वर्षं तिच्या कामाचा विषय मी काढला नाही.

या मे महिन्यात तिने आपणहून विचारलं, "ओढ्यावर येतोस का?" ती जन्मली-वाढली त्या अमेरिकन उपनगरातून, ईडन प्रेरीहून निघताना मी ठरवलं, आज ते शब्द मागे घ्यायचे.

पाणी इतकं गार की रबरी बुटांतही पाय बधिर झाले. मुलगी मात्र तासभर गुडघाभर पाण्यात उभी. दगड उलटा करून खालचे किडे बघायची, तशीच दिसणारी माशी डबीतून निवडायची. सगळ्या तिने स्वतः बांधलेल्या. मग लांब दोरी हवेत मागेपुढे झुलवून ती माशी हवी तिथे अलगद टेकवायची. मी बघतच राहिलो. माझ्या हाती गळाची काठी आल्यावर पहिल्या फेकीत फांदी अडकली, दुसरीत माझीच टोपी. ती न हसता गुंता सोडवत बसली. हा धीर तिने माझ्याकडून नक्कीच घेतलेला नाही.

दुपारी तिने जाळीत एक ट्राउट मासा घेतला. सोनेरी अंग, त्यावर लाल ठिपके. "हात ओले कर आणि हळू धर. फोटो काढून सोडून देऊ."

मी धरला. पण मासळीबाजारातली उभ्या आयुष्याची सवय! अंगठ्याने कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघितलं.

"बाबा, नो! जिवंत आहे तो!"

तिने मासा झटकन घेतला आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. तो एका कुशीवर कलंडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाकलेलीच राहिली, बोटं गारठून लाल झाली तरी. शेवटी कल्ले हलू लागले, शेपटी फडकली आणि मासा गेला.

"सॉरी," मी म्हणालो. "याबद्दल, आणि तेव्हा फोनवर बोललो त्याबद्दलही."

"फोनवर काय?"

मी चाचरत म्हटलं, "ते... माश्या मारत बस."

"त्याचं काय? फ्लाय फिशिंगला मराठीत तेच म्हणतात ना?" तिने डबीचं झाकण दाखवलं. वर वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'माश्या मारणे'. "मला इतकं आवडलं होतं ते. पण नंतर तू कधी विचारलंच नाहीस, बाबा. एकदा पण नाही."

खरा अर्थ ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"मग," मी विचारलं, "काल कुठे गेली होतीस माश्या मारायला?"

ती काठावर बसली आणि सांगू लागली.