दसरा झाला की या

नाशिकच्या पेठ नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो. त्याच्या मागच्या गल्लीत, एका गाळ्यात, एका सामाजिक संस्थेचं कायदा मदत केंद्र आहे. तिथल्या टेबलामागे नवसाबाई बसते. वय चाळिशीला टेकलेलं, अंगानं किरकोळ, केस घट्ट ओढून बांधलेले. ती वकील नाही. पेठ तालुक्यातल्या बोरपाड्याच्या कोकणा आदिवासी घरातली. दहावी केली तीही लग्नानंतर, बाहेरून. पण डोंगरातून कामाला उतरलेल्या माणसाला वकिलाची पायरी चढायची धास्ती वाटते, म्हणून तो आधी तिच्याकडे येतो. कुणाचा हात यंत्रात गेलेला असतो, कुणाच्या नवऱ्यानं न सांगता दुसरं घर मांडलेलं असतं, कुणाच्या पोरीला कुवेतला कामाला पाठवतो म्हणून एजंटानं तिचा पासपोर्ट दाबून ठेवलेला असतो.

"पासपोर्ट तुझा हाय. एजंटाला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाय. उद्या पोलीस ठाण्यात जायचं, मी येते संगं," असं ती सांगते, आणि खरोखर जाते. कागद लावून ठेवते आणि दर शुक्रवारी ॲडव्होकेट यशश्री देवधर आल्या की त्यांच्यापुढे मांडते.

ही गोष्ट घडली तेव्हा या नवसाबाईचं स्वतःचं लग्न मोडून सात वर्षं झाली होती. मोडलं तिनंच. नवरा मंगळू बोरपाड्याचाच. उंच, सावकाश, कामाला वाघ. मारायचा नाही, प्यायचा नाही. पंचांनी विचारलं, मग तक्रार काय? नवसा म्हणाली, "हा बोलत नाय."

पंच हसले. एक म्हातारा म्हणाला, "मग तर देवमाणूस की!"

पण नवसा हटली नाही. दिवसाला चार शब्द, तेही जेवण आणि बैलांबद्दल. अकरा वर्षं तिनं भिंतीशी संसार केला, असं तिचं म्हणणं. मंगळूनं विरोध केला नाही, तेव्हाही काही बोलला नाही. पंचांसमोर काडी मोडली आणि लग्न संपलं. त्यांच्या जमातीत हीच रीत, कायदाही ती मानतो. फक्त कागद कुणी करत नाही. मूलबाळ नव्हतं. नवसा नाशिकला आली. दोन वर्षांनी मंगळूनं चिमणाबरोबर घर मांडल्याचं तिच्या कानावर आलं. "बरं झालं," असं ती म्हणाली होती, आणि तिला तसंच वाटलंही होतं.

त्या वर्षी सप्टेंबर संपत आला असताना, गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी, मंगळू कुबडी टेकत केंद्राच्या दारात उभा राहिला. बाजूला चिमणा. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, खांद्याला कागदांची पिशवी.

"नवसा, बरी हाय ना?" मंगळू म्हणाला. "हीच म्हनली, नवसाकडं जाऊ. लोक सांगतात ती लय हुशार हाय. मी म्हनलं, हुशार तर ती आधीपासूनच हाय, मीच तिला पुरा पडलो नाय!"

आणि हसला. चिमणाही हसली.

नवसाबाईनं खुर्ची पुढे केली. तिला वाटलं, दुसराच कुणीतरी माणूस आत आलाय.

मंगळू बसला आणि बोलत राहिला. दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत काम होतं, शेवटची खुडणी. संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं चालला होता. मागून पिकअप आला, क्रेटांनी भरलेला. ड्रायव्हर कसा फोनवर बोलत होता, आपण पडलो तिथं करवंदाची जाळी कशी होती, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कसा रोज कॅरमच्या गोष्टी सांगायचा. मांडीत सळई घातली. पाय दोन बोटं आखूड झाला. मध्येच शब्दासाठी थांबायचा, छताकडं बघायचा, आणि मग तो शब्द सापडायचा. चिमणा पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवत होती. तिला सगळं पाठ असावं.

"तारीख कुठली?" नवसाबाईनं विचारलं.

"चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती. गावातनं मिरवणुकीचा आवाज येत होता."

नवसाबाईनं मनात मोजलं. अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तेरा ऑक्टोबर. हातात सोळा दिवस होते. फिर्यादीची प्रत होती, पंचनामा होता, दवाखान्याचे कागद होते, गाडीच्या विम्याची झेरॉक्ससुद्धा चिमणानं पोलीस ठाण्यात चार खेपा घालून मिळवली होती. कमी होता तो एक अपंगत्वाचा दाखला, आणि तो मागाहून देता येतो. शुक्रवारी मॅडमपुढे ठेवलं असतं तर पुढच्या आठवड्यात दावा लागला असता.

मंगळू चिमणाला सांगत होता, "ते टोपीवाल्या कंपाउंडरचं सांग ना हिला."

"तूच सांग," चिमणा म्हणाली. "तू छान सांगतोस."

नवसाबाईनं कागद गोळा केले, पिशवीत परत घातले आणि म्हणाली, "आधी सिव्हिलमधून अपंगत्वाचा दाखला काढा. आत्ता सणासुदीचे दिवस हायेत. दसरा झाला की या."

दसरा चोवीस ऑक्टोबरला होता.

तिनं हे ठरवून केलं का? पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या क्षणी तोंडातून वाक्य गेलं एवढंच तिला आठवतं. पण ते गेल्यावर ती दोघं गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होती, कुबडीमुळं त्यांची चाल हळू होती, आणि तिनं हाक मारली नाही. हे मात्र तिला स्पष्ट आठवतं.

मग सुरू झाले ते दिवस. खोलीवर भाकरी थापताना तिला मंगळूचा आवाज यायचा. हा माणूस करवंदाच्या जाळीबद्दल बोलतो? अकरा वर्षांत एकदा तरी बोलला का? ज्या विहिरीवरून ती अकरा वर्षं पाणी आणत होती, तिथं त्याला कधी काही दिसलं नव्हतं? म्हणजे शब्द होते. त्यानं ते राखून ठेवले होते, आणि सगळे या ठेंगणीला दिले. पैसा दिला असता, जमीन दिली असती, तर नवसाला काही वाटलं नसतं. तिनं जे मागितलं होतं, पंचांसमोर हसं करून घेऊन मागितलं होतं, तेच नेमकं त्यानं दुसरीला न मागता दिलं. आणि दुसरीला त्याची किंमतही नाही. "तूच सांग, तू छान सांगतोस." काय तो तोरा!

पुढच्या बुधवारी एका बाईला घेऊन तिला सिव्हिल हॉस्पिटलला जावं लागलं. अपंगत्व तपासणीच्या रांगेत ती दोघं बसली होती. नवसाबाई खांबाआड थांबली. मंगळू काहीतरी सांगत होता. चिमणा ओच्यात घेतलेल्या शेंगा फोडत होती आणि मधूनमधून "हूं" म्हणत होती. एवढंच. तिचं अर्धं लक्ष शेंगांत होतं. मंगळू एका शब्दावर अडला. चिमणानं वर पाहिलंसुद्धा नाही. तो अडला, थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

नवसाबाईला आपलं घर आठवलं. मंगळू अडला की ती शब्द पुरवायची. "मोळी. मोळी म्हणायचंय ना तुला? बरं, मग पुढं?" दोन-तीनदा असं झालं की तो "काय नाय" म्हणायचा आणि उठायचा. तिला वाटायचं, आपण मदत करतोय.

हे आठवून तिचा मत्सर कमी झाला असता तर बरं होतं. तो वाढला. चिमणाकडं कुठलीही मोठी कला नव्हती, नुसतं गप्प बसणं होतं, आणि तेवढ्यावर तिला सगळं मिळालं.

शुक्रवारी यशश्री मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "नवसाताई, मुदतीतलं काही आहे का? घाईचं?"

"नाय मॅडम. काय नाय."

पुढच्या मंगळवारी साळूबाई नावाची एक म्हातारी आली. हरसूलकडची. मुलगा मोटारसायकलवरून जाताना ट्रकनं उडवला होता, कमरेखाली अधू होऊन घरी पडला होता. नवसाबाईनं तारीख विचारली. आठ महिने झाले होते.

"आजी, इतके दिवस का थांबलात?"

"गावात एकानं सांगितलं, पोलिसांची केस संपू द्या, मंग भरपाईचं बघा. आमी थांबलो."

नवसाबाईनं तिला समजावलं. सहा महिन्यांची मुदत असते. मॅडम प्रयत्न करून बघतील, पण भरवसा देता येणार नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. "त्यानं तरी कशाला वाईट सांगितलं असंल," एवढं म्हणाली आणि कागदांना रबर लावू लागली. रबर दोनदा निसटलं.

नवसाबाईनं त्या दुपारपासून मंगळूचा फोन लावायला सुरुवात केली. संपर्क क्षेत्राबाहेर. चिमणाचाही तसाच. बुधवारी सकाळी तिनं गाळ्याला कुलूप लावलं आणि नाक्यावरून पेठची एसटी धरली. सावळ घाट चढून गाडी पलीकडं उतरली तेव्हा उतारांवर खुरासणीची शेतं फुलून पिवळी झाली होती. फाट्यावर उतरून बोरपाड्यापर्यंत ती तासभर चालली. सात वर्षांत ती या वाटेनं आली नव्हती. ओळखीच्या दोघी-तिघी भेटल्या. त्यांना टाळून ती सरळ मंगळूच्या पडवीत गेली.

मंगळू खाटेवर बसून दोर वळत होता. चिमणा भात कापून आली होती, हातात विळा तसाच.

"उद्या सकाळी नाशिकला यायचं," नवसाबाई उभ्यानंच म्हणाली. "सगळे कागद घेऊन. परवा मुदत संपतेय."

"तू तं दसरा म्हनलीस," मंगळू म्हणाला.

"म्हनले. ते खोटं होतं."

"चुकून म्हनलीस?" चिमणानं विचारलं.

इथं 'हो' म्हणता आलं असतं. एसटीत बसल्यापासून तिनं तोच शब्द तयार ठेवला होता.

"नाय," नवसाबाई म्हणाली. "मला माहीत होतं. तुमी दोघं बोलत होता, ते मला बघवलं नाय."

मंगळूनं दोर खाली ठेवला. चिमणानं विळा आढ्याला खोचला आणि पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ह्याचा पाय गेला, बाई," ती म्हणाली. "हा रोज रातचा पाय धरून बसतो. आन् तुला बघवलं नाय?"

मग तिनं खुंटीवरची कागदांची पिशवी काढली.

"आता किती वाजता पोचायचं ते सांग," चिमणा म्हणाली. पाणी विचारलं नाही. बस म्हणाली नाही.

गुरुवारी दुपारी दावा लागला. त्याआधी नवसाबाईनं यशश्री मॅडमना फोन करून सगळं खरं सांगितलं होतं. मॅडम तिला काही लागट बोलल्या नाहीत, पण महिनाभर तिचं टेबल एका नव्या मुलीकडं दिलं आणि नवसाबाईला नुसतं फायलिंगवर बसवलं. शिवाय एक नियम केला: ओळखीच्या माणसाचं काम आलं की ते त्याच दिवशी दुसऱ्याकडं द्यायचं. तो महिना नवसाबाईनं मान खाली घालून काढला. साळूबाईचा अर्ज मॅडमनी उशीर माफ करण्याच्या विनंतीसह लावला; तो अजून अडकलेला आहे.

मंगळूचा निकाल यायला दीड वर्ष लागलं. शेवटी लोकअदालतीत विमा कंपनीशी तडजोड झाली. फार मोठी रक्कम नाही, पण घरापुढं पिठाची गिरणी टाकण्याइतकी.

आणि मग एका सकाळी चिमणा केंद्रात आली. एकटी. भरपाईचे पैसे जमा झालेलं बँकेचं खातं मंगळूचं होतं, तिला त्यात आपलं नाव लावायचं होतं. त्यासाठी बँकेनं लग्नाचा पुरावा मागितला. लग्नाची नोंद करायला गेली तर ग्रामसेवक म्हणाला, रेशनकार्डावर बायको म्हणून नवसाचं नाव आहे. आधीचं लग्न मोडल्याचा कागद आणा.

"कागद नाय," चिमणा म्हणाली. "तू लिहून द्यावं लागंल. मॅडम म्हनल्या, तुझं प्रतिज्ञापत्र लागतं. मी आले नसते तुझ्याकडं."

"माहीत हाय," नवसाबाई म्हणाली.

मॅडमनी मजकूर सांगितला, नवसाबाईनं स्वतः टाइप केला. अमुक साली, बोरपाडा येथे, जमातीच्या रूढीप्रमाणे, पंचांसमक्ष, काडीमोड झाला. आता माझा त्यांच्यावर पत्नी म्हणून कोणताही हक्क राहिलेला नाही.

"हे शेवटचं वाक्य लागतंच का, मॅडम?"

"बँकेला लागतं, नवसाताई."

तिनं ते तसंच ठेवलं. कोर्टाशेजारी नोटरीपुढं सही केली. म्हाताऱ्या पंचांपैकी एक जिवंत होता, त्याचा अंगठा चिमणानं आधीच आणला होता. नोटरीनं शिक्का मारला, चिमणानं कागद दोनदा वाचला, पिशवीत घातला आणि म्हणाली, "चहा घेतेस?"

नवसाबाईनं घेतला. टपरीवर दोघी उभ्यानं प्यायल्या. बोलल्या त्या फक्त गिरणीच्या विजेच्या मीटरबद्दल.

बोरपाड्याच्या रेशनकार्डावरून नवसाबाईचं नाव निघालं. आता तिला नाशिकच्या पत्त्यावर स्वतःचं, एकटीचं कार्ड काढायला हवं. त्याचा अर्ज तिनं त्याच आठवड्यात आणला. दिवसातून चार जणांचे तसले अर्ज ती भरून देते. हा मात्र टेबलाच्या खणात पडून आहे. यशश्री मॅडम अधूनमधून विचारतात, तेव्हा ती म्हणते, "भरते, मॅडम," आणि पुढच्या माणसाला आत बोलावते.