परातीएवढ्या पानांचं कमळ

झाडवेड्या माणसांबरोबर सहलीला जाऊ नये, हे मला पुण्याहून येताना कळलं. मीही झाडवेडीच आहे, पण मला घड्याळ कळतं. आमच्या मालवणच्या ग्रुपात ते कळणारं दुसरं कुणी नाही.

शहरातल्या बागा बघायला जायचं ठरलं तेव्हा मी लगेच दोन नावं दिली, माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं, म्हणजे वयनीचं. वयनीला काचबिंदू आहे. कडेकडेचं दिसायचं केव्हाच गेलं होतं, समोरचं थोडं उरलं होतं, आणि तेही जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने एकदा माझ्या मोबाइलवर त्या मोठ्या कमळाचा व्हिडिओ पाहिला होता. परातीएवढी पानं, काठ वर वळलेले, मधोमध पांढरं फूल. मोबाइल नाकाला लावून तिने तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "ह्या खंय असता गो?" या बाईने घरात कधी साडीसुद्धा मागितली नाही. त्यामुळे तिचं दिसणं आहे तोवर ते फूल तिला दाखवायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

पुण्याच्या एका जुन्या बागेत ते आहे, हे मी शोधून काढलं होतं. ते दिवस मावळताना उमलतं, म्हणून त्या वेळी आपण तळ्याकाठी असायला हवं, एवढं एकच मी आमच्या म्होरक्याला बजावलं होतं. हे गृहस्थ गावात नर्सरी चालवतात. "काय काळजी करू नका," असं ते प्रत्येक गोष्टीला म्हणतात, आणि त्यानंतरच काळजी सुरू होते.

गाडी मालवणातूनच उशिरा सुटली, कारण एकीची जास्वंदीची कुंडी एसटी स्टँडवर कुणाला तरी पोचवायची होती. मग तळेऱ्याच्या दोघींना घ्यायला थेट तळेऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून उलटे फिरून फोंडाघाटाला आलो. त्यांना कणकवलीला यायला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोंड्यात चहा झाला. घाटात एका वळणावर गाडी थांबवून सगळे नेच्याची पानं बघायला उतरले. नेचे आमच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर उगवतात, ते आम्ही दरवर्षी उपटून टाकतो. कोल्हापूरच्या बागेत रंगीत कारंजं होतं, तेही बघून झालं. तिथे एका पाटीवर कोकमाचं नाव आणि माहिती लिहिली होती आणि आमची माणसं त्या झाडाशेजारी उभी राहून फोटो काढत होती. प्रत्येकाच्या परसात दोन-चार कोकमं उभी आहेत! मी रागाने गाडीत जाऊन बसले. वयनी माझ्या शेजारी शांत बसून शेंगदाणे सोलत होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या बागेत आम्ही उन्हं उतरताना पोचलो, म्हणजे अजून वेळ होता. मी वयनीचा हात धरून तिला थेट तळ्याकडे नेलं. पानं तश्शीच होती, परातीसारखी. कळी पाण्यावर आली होती, टोकाशी जरा पांढरी. माळी म्हणाला, थोडं थांबा, उमलेल. मी काठावरचं बाक धरलं आणि एकदम हलकं वाटलं. वयनी थोडा वेळ काठाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तू बस हंय. मी जरा फिरान येतंय." तळेऱ्याची एकजण तिला हाताला धरून सुवासिक झाडांच्या वाफ्याकडे घेऊन गेली.

आमच्याकडे एक समज आहे. मागून आणलेलं झाड धरतं, पण चोरून आणलेलं जास्त जोमाने धरतं. कुणाच्या परड्यातून जाता जाता एखादी फांदी मोडून नेली तर आमच्यात त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि ज्याची फांदी जाते तोही बघून न बघितल्यासारखं करतो. हे सगळं गावात ठीक आहे. पुण्याच्या बागेत शिट्टी वाजली.

पहारेकऱ्याने सगळ्यांना फाटकाशी उभं केलं. "पिशव्या उघडा, काकू." पर्समधून, डब्यातून, छत्रीतून फांद्या निघाल्या. आमच्या म्होरक्यांच्या खिशातून तर मुळासकट रोपं निघाली. ते पहारेकऱ्याला मालवणला यायचं आमंत्रण देत होते, पण त्याने ऐकलं नाही. सगळी गाडी बाहेर, म्हणाला. मी त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, आमच्या दोघींच्या पिशव्या बघा, काही नाही, हिचं दिसणं जात चाललंय हो, एवढं फूल उमलेपर्यंत राहू द्या. त्याने वयनीची रिकामी पिशवी बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि तरी म्हणाला, सगळे एकाच गाडीचे.

गाडीत मी सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलले. मग वयनीकडे वळले तेव्हा रडूच आलं. "वयनी, तुमचा फूल रवला बघूचा."

"रवांदे गो," ती म्हणाली. "माका पानांय दिसली नाय. काठार उभी रवलंय तर नुसतो उजेड."

मग तिथेच सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तू माझ्यासाठी येवढा केलंस. कसा सांगू?"

आणि तिने हात मागे नेऊन अंबाडा सोडला. त्यात एक फांदी खोचलेली होती. नाव मला अजून माहीत नाही. पान चुरडलं की अर्धा लिंबाचा, अर्धा कापराचा वास येतो. परसातल्या पायरीशी लावायची म्हणाली. "वासान कळात, पायरी खंय आसा ती."

त्या क्षणी मला तिचाही राग आला. मी फुलासाठी लोकांच्या हातापाया पडत होते आणि ही न दिसण्याची तयारी करत होती, मला एका शब्दाने न सांगता.

फांदी जोमाने धरली. पायरी उतरायच्या आधी ती वाकून पानाला बोटं लावते. पावसाळ्यात त्या झाडाच्या दोन फांद्या मोडून तिने एक विहिरीच्या वाटेवर लावली आणि एक न्हाणीघराच्या दाराशी. परवा तिने माझ्याकडे कुंडी मागितली. कुठे ठेवायची म्हणून विचारलं, तर म्हणाली, तिच्या खोलीच्या दारात. मी कुंडीत माती भरून दिली.