पंप धुण्याची जागा

फुलंब्रीहून रोज शहरात नोकरीला जायचं आणि रविवारी कपाशीवर औषध मारायचं, हा माझा नेम. फवारणी झाली की पंप विहिरीजवळच्या डबक्यात धुवायचा, ही वडिलांपासूनची सवय. पाणी मिसळलं की औषधाचं जहर मरतं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

गेल्या पावसाळ्यात बायको मला हाताला धरून डबक्यापाशी घेऊन गेली. "चाचांच्या डबक्यातली बेडकाची पिल्लं कवाच उड्या मारत गेली. आपल्यातल्यांना अजून शेपट्याच हायेत. पाय काय फुटंनात."

चाचा म्हणजे आमचे शेजारी. ते पंप शेतातच विसळतात आणि ते पाणीही कपाशीवरच मारून टाकतात.

मी तिच्यावर खेकसलो. कॉलेजात बेडूक चिरून पैकीच्या पैकी मार्क घेतलेला माणूस मी, आणि ही मला बेडूक शिकवणार. पण वाकून पाहिलं तर खरंच नुसत्या शेपट्या होत्या, आणि बरीच पिल्लं उलटी तरंगत होती. दोष औषधाचाच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंप मात्र तेव्हापासून चाचांसारखा विसळतो.

परवा बांधावर काढून ठेवलेल्या चपलेत पाय घातला, तर आत काहीतरी गार लागलं. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक होता. आधी मी शिवी हासडली. मग खाली बसून त्याचे पाय मोजले. चारही होते.