बांधीतला सेनापती

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पडले. गोंदियाच्या दवाखान्यात नेताना वाटेत गेले.

आई आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो. बाबा इतिहासाचे शिक्षक. निवृत्तीनंतर रोवण्याच्या दिवसांत ते छत्री घेऊन धुऱ्यावर उभे राहत आणि बांधीत, धानाच्या खाचरात, वाकलेल्या बायांना गोष्ट सांगत. गोष्ट ऐकली की कंबर दुखत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाया म्हणत, गुरुजींची कंबर कुठे वाकलेली असते.

या वर्षी गोष्ट होती बायझंटाईन साम्राज्याच्या एका सेनापतीची. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा हा अंगरक्षक पुढे सेनापती झाला. त्याने पूर्वेला इराणी फौजेला हरवलं, समुद्र ओलांडून आफ्रिका जिंकली, मग इटलीत लढला. तो जिंकत गेला तसतशी सम्राटाला त्याचीच धास्ती वाटू लागली, आणि लढाई अर्धवट असतानाही त्याला परत बोलावणं येई. आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून रोवायला येणारी एक म्हातारी त्या सम्राटाला रोज नवी शिवी देई. असा पाटील असण्यापेक्षा गावात पाटीलच नसलेला बरा, असं तिने एकदा सांगून टाकलं होतं.

बाबा पडले त्या दिवशी गोष्टीतला सेनापती म्हातारा झाला होता. शत्रू राजधानीच्या वेशीवर आला तेव्हा विसरलेल्या या माणसाची सम्राटाला आठवण झाली. हाताशी थोडे जुने शिपाई आणि आसपासचे शेतकरी. शेतकऱ्यांना तोडलेली झाडं ओढायला लावून त्याने धूळ उडवली, आरडाओरडा करायला लावला. शत्रूला वाटलं, मोठं सैन्य आलं. बाया हसल्या. बाबा तिथेच थांबले, खाली बसले आणि कलंडले.

उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, बायांनी त्याच संध्याकाळी लावून टाकले. कोणी सांगितलं नव्हतं. एक बांधी राहिली. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी आमच्यासाठी थांबणार नव्हतं. बाबांचा जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी बाया परत आल्या.

मी धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. चिखलात हात बुडल्याचा आवाज येत होता. मग म्हातारीने न पाहताच विचारलं, "बाई, मंग राजानं त्याचं काय केलं?"

आठवत नाही, मी म्हणाले. आठवत होतं; या सेनापतीवरचं पुस्तक बाबांना मीच आणून दिलं होतं. पण सेनापती वेशीवर उभा होता तोवर बाबांचं बोलणं नुसतं थांबलेलं होतं. शेवट सांगितला असता तर ते संपलं असतं.

म्हातारी उभी राहिली. "कॉलेजात पोट्ट्याइले शिकवून राहिली ना तू? मंग आठवत काऊन नाही? तुहे बाबा अर्ध्यावर गेले. तू बी अर्ध्यावरच ठेवशील का?"

मी सांगितलं. सेनापती जिंकला. काही वर्षांनी त्याच्यावर कटाचा आळ आला. नोकरचाकर काढून घेतले, त्याला स्वतःच्याच घरात कैद केलं. पुढे सम्राटाने त्याचा मान परत दिला, आणि दोनेक वर्षांत तो गेला. त्याचे डोळे काढले, तो भीक मागत फिरला, अशी एक दंतकथा आहे. बाबांनी ती खरी म्हणून सांगितली नसती. मी ती सांगितलीच नाही.

"घरीच मेला का?" एकीने विचारलं.

"घरीच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून लगेच पुन्हा चिखलात वाकली.

म्हातारीने पऱ्ह्यांची पेंढी सोडली. "त्याले लेकरू होतं का, माय?"

"एक मुलगी होती."

"मंग तिचं काय झालं?"

"पुढचं कोणी लिहून ठेवलं नाही," मी म्हणाले.

रांग मागे मागे सरकत राहिली. दिवस मावळायच्या आत बांधी लावून झाली.

आता धान निसवलं आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत. घरात मी एकटी असते.