दुःखावरची म्हण

धाकट्या जावेने चहाचं आधण ठेवलं, पण तिचा हात गॅसच्या बटणावरच थांबला. बहिणीचं तेरावं उरकून मी नुकतीच परतले होते. जाऊ इंग्रजीच्या क्लासला जाते. तिथे रोज एक म्हण शिकवतात आणि घरी वापरून बघायला सांगतात. आज तिने मला दुःखावरची इंग्रजी म्हण ऐकवली, 'काळ सगळ्या जखमा भरून काढतो' असा तिचा अर्थही सांगितला आणि विचारलं, "बरोबर ठिकाणी वापरली ना, ताई?"

अगदी बरोबर ठिकाणी, म्हणून तर डोकं फिरलं. मला चीड येते या तयार कपड्यांसारख्या म्हणींची. कुणाचंही माणूस गेलेलं असो, त्या बेतशीर बसतात. माझी बहीण कोण होती, हे विचारावंच लागत नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "आता गॅस पेटव."