तो फोन मी बंद केला

ये गं पोरी, जवळ ये. तिकडं भिवंडीत बसल्या बसल्याच जरा माझ्याकडं सरकून बस. लेकरू मांडीवर असंल तर असू दे, पण कान इकडं दे. तुला रागवायचंय मला. आईशी असं वागतात का गं? ईदला फोन केलास, "सलाम अम्मी, सब खैरियत" म्हणलीस अन् ठेवून दिलास. ती बाई फोन हातात धरून तशीच बसली. गिऱ्हाईक हात पुढं करून उभं, अन् हिचं ध्यान न्हाई. माझं दुकान तिच्या दुकानाला लागून, मला दिसत न्हाई का? एवढा ताठा बरा न्हाई. आईपुढं तर बिलकुल न्हाई.

आता तू म्हणशील, मावशी, तुम्हाला काय ठावं माझ्यावर काय गुदरलं. ठावं आहे. तुझ्या बाळंतपणात तुझी अम्मी जवळ नव्हती, तू फोनवर फोन केलेस अन् तिचा नंबर बंद होता, हे सगळं ठावं आहे. तुला जे ठावं न्हाई, तेवढं सांगायला बसले. तोंडानं सांगायला गेले असते तर इकडचं तिकडचं बोलून मूळ गोष्ट गिळून टाकली असती. माझी मला खोड ठावं आहे. म्हणून लिहायला बसले. माझं लिहिणं दुसरी पास. पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून वाचून आलं. ऱ्हस्व-दीर्घ तूच बघून घे, तू सातवी शिकलीस.

राजूरच्या गणपतीपुढं माझं नारळ-फुलांचं दुकान, अन् शेजारी तुझ्या अम्मीच्या बांगड्या. दोघींच्या मधी जी फट आहे त्या फटीत तू रांगलीस. माझ्या टोपलीतली झेंडूची फुलं तोंडात घालायचीस, अन् तुझी अम्मी म्हणायची, "आक्का, ये छोकरी गणपती का सब खा जाएंगी." ते जाऊ दे. बघ, सुरू झालं माझं.

तर तुझे दिवस भरत आलेले. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे होतं, पण डॉक्टरनं तुला प्रवास नको म्हणून सांगितलं. तुझ्या अम्मीनं तिकडं यायचं ठरवलं, तर तुमची खोली एवढीएवढीशी. तूच म्हणलीस, "आत्ताच येऊन कुठं झोपशील अम्मी? दुखायला लागलं की मी फोन करते, मंग निघ." तुझ्यापाशी तुझा फोन न्हाई. नवऱ्याचा फोन नवऱ्यासंगं ट्रकवर. कुणाचाही फोन मागून घ्यायचा अन् अम्मीचा नंबर लावायचा, तेवढा एकच नंबर तुला तोंडपाठ. हे सगळं आपलं ठरल्यालं. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, माहीत आहे का तुला? सुंठ, डिंक, खारका, तुझ्यासाठी दोन सुती गाऊन, जुन्या ओढण्या फाडून केलेली लंगोटं. डॉक्टरनं सांगितलेला दिवस लांब होता, म्हणून आम्ही दोघीबी निवांत.

अन् एक दिवस सकाळी दुकान मांडता मांडता तुझी अम्मी म्हणली, "आक्का, मेरे फोन पे किसी का फोन आताच नई."

मी माझ्या फोनवरून लावून बघितला. 'हा नंबर सध्या बंद आहे' म्हणून बाई बोलली. अन् फोन तर हिच्या हातात चालू! कंपनीचा मेसेज येऊन पडलेला होता इंग्रजीत. पलीकडच्या फुलवाल्याच्या पोरीकडून वाचून घेतला. तर कागद पुन्हा तपासायचे आहेत म्हणून कंपनीनंच नंबर बंद केलेला. चालू करायचा तर कंपनीला फोन लावा.

मी म्हणलं, त्यात काय, माझ्या फोनवरून मी लावते. माझ्या पोरानं मला मोठा फोन दिलेला, मला वाटायचं मला सगळं येतं.

काय सांगू तुला! मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. अमक्यासाठी एक, तमक्यासाठी तीन. फोन कानाला लावला की त्याचा पडदा काळा होतो, कानापासून काढून आकडे शोधते तवर बाई म्हणती, आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही, धन्यवाद. धन्यवाद कसलं, माझं डोकं! मंग तुझ्या अम्मीनं फोनचा आवाज मोठा करून तो पाटावर, नारळांच्या मधी ठेवला. तरी तेच. एकदा चुकून काय दाबलं गेलं तर गाणी विकत घ्या म्हणाली. एक माणूस नारळ घ्यायला आलेला, तो ऐकून राह्यला अन् म्हणतो, "मावशी, हे देवापेक्षा अवघड हाय. गणपती तरी रांगेत उभं राह्यलं की भेटतो."

"तू नारळ घे अन् भेट त्याला," मी म्हणलं. "मला माणूस भेटू दे."

मी फोनशी भांडत होते, अन् तुझी अम्मी गप बसून ऐकत होती. शेवटी म्हणली, "आक्का, कुछ दाबो नक्को. चुप बैठो. बोल बोल के थकेंगी तो आपेच आदमी देंगी."

मला हसू आलं. पण दुसरा उपाय नव्हता, गप बसलो. बाईनं पर्याय सांगितले, आम्ही गप. पुन्हा सांगितले, आम्ही गप. मंग खरंच बाई म्हणली, कृपया प्रतीक्षा करा, अन् गाणं लागलं. किती वेळ ते गाणं चाललं! फुलांवर पाणी मारून झालं, दोन बायकांच्या हातात बांगड्या भरून झाल्या, चहा आला, चहा गार झाला. फोन गरम झाला, त्याच्यावर ओलं फडकं घातलं. तुझी अम्मी मधूनमधून माझ्याकडं बघायची, जसं काही ते गाणं थांबवणं माझ्याच हातात होतं.

अन् एकदम आवाज आला. माणसाचा. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?"

मला एवढा आनंद झाला पोरी! मी म्हणलं, "बाळा, किती वाट बघायला लावली रे! जेवलास का? कुठला तू?"

तो हसला. "नाही अजून, मॅडम. पुण्यातून बोलतोय. आपला नंबर सांगता?"

नंबर सांगितला. तो म्हणला, "हा नंबर आपल्याच नावावर आहे ना? ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच मला बोलता येतं."

आता इथं थांब अन् नीट ऐक. तुझ्या अम्मीनं हात पुढं केला. फोन घ्यायला. अन् मी तिचा हात बाजूला केला. झटकलाच म्हण. मला वाटलं, ही घाबरंल, हिला मराठी नीट यायचं न्हाई, माणूस मोठ्या मुश्किलीनं हाताला लागलाय, तो निसटंल. जी बाई दिवसभर केदारखेड्याच्या, पिंपळगावच्या, कुठल्या कुठल्या बायकांशी बोलती, रडणाऱ्या नव्या नवरीला हसवून तिच्या हातात चुडा भरती, तिला बोलता यायचं न्हाई! हे आत्ता लिहिताना मला कळून राह्यलं. तवा न्हाई कळलं.

मी म्हणलं, "हो, मीच ती." अन् तुझ्या अम्मीचं नाव माझं म्हणून सांगितलं.

"जन्मतारीख सांगा, मॅडम."

मी फाडदिशी सांगितली. एक जून. आमच्या वक्ताला जन्म कोण लिहून ठेवत होतं? शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तर सगळ्यांची एकच तारीख लिहायचे, एक जून. माझी एक जून, माझ्या भावांची एक जून, माझ्या जावेची एक जून. मला वाटायचं आपल्याकडं जो म्हातारा झाला तो एक जूनलाच जन्मलेला असतो.

तो म्हणला, "हे जुळत नाही, मॅडम. पुन्हा एकदा आठवून सांगा. दुसऱ्यांदा चुकलं तर नंबर अडकून पडतो."

मी फोनवर हात ठेवला. तुझी अम्मी माझ्या कानाशी येऊन म्हणली, "आक्का, एक जनवरी. कार्ड पे एक जनवरी है."

ती कधी शाळेत गेली न्हाई ना. तिचा जन्म मास्तरनं न्हाई लिहिला, कार्ड काढणाऱ्या पोरानं लिहिला. त्यानं वर्षाचा पहिला दिवस टाकून दिला. पण मला कुठलं एवढं सुचतंय! मी तिलाच दापलं. "गप गं. तुला काय कळतंय, सगळ्यांची जूनच असती. वर्ष चुकलं असंल." अन् पुन्हा एक जूनच सांगितलं, नुसतं वर्ष बदलून.

मंग तो पोरगा हळू आवाजात म्हणला. मॅडम न्हाई म्हणला आता, मावशी म्हणला. "मावशी, रागावू नका. ज्यांचा नंबर आहे त्या तुमच्याजवळच असतील तर त्यांना फोन द्या. मी थांबतो."

मी थांबतो म्हणला गं तो. सकाळपासून आम्ही त्याच्यासाठी थांबलो, अन् आता तो आमच्यासाठी थांबायला तयार होता. नुसता फोन इकडून तिकडं द्यायचा होता. एक हात अंतर.

अन् मी फोन बंद केला.

का केला? चोरी पकडल्यासारखं झालं. कान तापले. समोर गिऱ्हाईकं, फुलवाल्याची पोरगी, सगळे ऐकून राह्यलेले. एवढ्या लोकांत माझं खोटं उघडं पडलं, ते मला सोसलं न्हाई. बोट आपसूक लाल खुणेवर गेलं. न्हाई, आपसूक न्हाई. मी नेलं.

वर तुझ्या अम्मीला म्हणलं, "लाइन कटली."

फोनचा आवाज मोठा होता, पोरी. 'मी थांबतो' हे तिनंबी ऐकलं होतं. तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् म्हणली, "हौ आक्का, कटी होंगी." अन् बांगड्यांवरची धूळ पुसायला लागली.

पुन्हा लावला. पुन्हा गप बसलो, पुन्हा गाणं. ह्या बारीला एक पोरगी आली. मी फोन सरळ तुझ्या अम्मीच्या हातात दिला. ती काय चांगली बोलली गं! नाव, तारीख, सगळं बराबर. पण पोरगी म्हणली, दोनदा चुकलंय, आता माझ्या हातात न्हाई, कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जा, अंगठा द्या.

तवर दुपार कलली होती. तुझ्या नवऱ्याला माझ्या फोनवरून लावत राह्यलो, तो गाडीवर, अनोळखी नंबर उचलंना. दुसऱ्या दिवशी तुझी अम्मी पहिल्या गाडीनं भोकरदनला गेली. तिथं अंगठा लागंना. सगळा जन्म बांगड्या चढवण्यात गेला, बोटाच्या रेषा झिजून गेल्यात. पुसून बघितला, ओला करून बघितला, तेल लावून बघितला. दुकानदार म्हणला, "चाची, तुमचा अंगठा हाय का गोटा?" नंबर चालू झाला तो पुढं कितीतरी खेपा मारल्यावर.

ती तिकडं अंगठा घासून राह्यली, अन् इकडं माझा फोन वाजला. तुझा नवरा, कालचे माझे फोन बघून लावलेला, अन् आवाजावरून मला ओळखलं. "मावशी, बच्ची हुई. सुबह से अम्मी का नंबर लगा रहे, बंद है. ये रो रही है. बोल रही, अम्मी को मेरी फिकर नहीं."

बघ, कशी अक्कल गेली माझी. तुझ्या लेकीची पहिली खबर, जी तुझ्या अम्मीनं ऐकायची, ती मी ऐकली. अन् मी काय म्हणलं? सांगायचं होतं, बाबा, चूक माझी आहे, पोरीला सांग, तिच्या अम्मीला काही म्हणू नको. पण मी म्हणलं, "बरं, बरं, सांगते." एवढंच. एरवी माझं तोंड मिटत न्हाई.

अम्मी परत आली तर तिला मीच सांगितलं. ती हसली, डोळ्याला पदर लावला, पिशवी उचलली अन् निघाली. तुझ्याकडं आली तर तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. हे मला तिनं न्हाई सांगितलं, तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. तिनं तुला काय सांगितलं? फोन बिघडला होता म्हणून. माझं नाव घेतलं न्हाई. परत आल्यावर मी विचारलं, का न्हाई सांगितलंस? तर म्हणती, "उसकू तुम एकच मावशी हो आक्का. मेरे पे गुस्सा करेंगी तो कब तक करेंगी, मैं माँ हूँ."

तिला वाटलं तुझा राग दोन महिन्यांत उतरंल. न्हाई उतरला. अन् मी रोज तिच्या शेजारी बसून नारळ विकते, तिच्याच हातचा चहा पिते, अन् माझ्या वाटचा राग ती तुझ्याकडून ऐकून घेती.

म्हणून सांगते, तो राग तिच्यावरून काढ अन् माझ्यावर टाक. माझ्याशी बोलू नको पाहिजे तर. मावशी म्हणू नको. पण तिला आज फोन कर, अन् दोन शब्दांत ठेवू नको. ती विचारंल, कुणी सांगितलं? तर माझं नाव घे. तिला वाटंल मी तोंडघशी पडले, पडू दे.

अन् फोनवर नुसतं बोलून भागायचं न्हाई गं. लेकीला घेऊन ये. तिच्या इवल्या हातात काळ्या बांगड्या भरायच्यात तुझ्या अम्मीला, माप कळंना म्हणून तीन आकाराच्या काढून ठेवल्यात. लेकरू वाढायला किती वेळ लागतोय, तिन्ही लहान पडतील. मला काय बोलायचं ते समोर बसून बोल, मी मधी तोंड घालणार न्हाई. नवऱ्याला गाडीचा फेरा इकडचा घ्यायला सांग, न्हाईतर रेल्वेत बस, जालन्याला उतर, मी घ्यायला येते. पण लवकर ये पोरी.