पेंटरांनी बर्फ खरवडला

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. बायकोसुद्धा दारात आलेल्याला "पेंटर कामावर गेलेत" असंच सांगायची. पुढे छापील पाट्या आल्या, ते काम आटलं आणि पेंटर घरांच्या भिंती, दारं, खिडक्यांचे गज रंगवू लागले. जुना रंग खरवडायचा, भेगा-खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, मग ब्रश हातात घ्यायचा. घरात मात्र चहापलीकडे त्यांनी कशाला हात लावला नव्हता.

स्वयंपाकघर बायकोचं होतं आणि त्यातही कोपऱ्यातला छोटा, एका दाराचा फ्रिज खास तिचा. गरम भांडं ती त्यात कधी ठेवू द्यायची नाही. दाराचं रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसायची. बर्फाच्या कप्प्यावर बर्फाची साय धरली, की सगळं बाहेर काढून बटण बंद करायची, दार उघडं ठेवायची, खाली जुना टॉवेल अंथरायची आणि बर्फ आपोआप सुटून पडेपर्यंत वाट बघायची.

"फ्रिज आहे की जावई?" पेंटर विचारायचे. "किती ती सरबराई."

"जावई वर्षातून दोनदा येतो," ती म्हणायची. "हा रोज राबतो."

मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता, 'हो'. पाणी हवं का, हो. नको का, हो. दुखतंय का, हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, तिला सगळं कळतं, फक्त तोंडातून दुसरा शब्द निघत नाही. सुरुवातीला ती चिडायची, डोळ्यांतून पाणी काढायची. पुढे पुढे शब्द वापरायचंच तिने कमी केलं.

मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दिवसभर नोकरीवर. ती सुट्टीच्या दिवशी येऊन आईला न्हाऊ घालायची, चादरी बदलायची. बाकी सगळं पेंटरांच्या अंगावर पडलं. लांबची कामं त्यांनी सोडून दिली. जवळपासचं काम धरायचं, दुपारी घरी येऊन तिला भरवायचं, परत जायचं. पातळ काही दिलं की तिला ठसका लागायचा, म्हणून भात आणि भाज्या एकत्र शिजवून, मिक्सरमधून काढून घट्टसर सूप करायला मुलीने शिकवलं होतं. रोज करायला जमेना, तेव्हा पेंटर दोन दिवसांचं एकदम करू लागले. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. या फ्रिजचं एवढं कौतुक का होतं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

फ्रिज चालवणं मात्र त्यांना येत नव्हतं. बर्फ वाढत गेला. एका सकाळी कप्प्याची झडप लागेना. कामावर जायची घाई होती आणि बर्फ वितळेपर्यंत बसून राहायला वेळ कोणाला होता? त्यांनी पिशवीतून रंग खरवडायची पोलादी पट्टी काढली. इतक्या वर्षांचा सराव. पट्टी बर्फाखाली घातली, मनगट तिरकं केलं, आणि बर्फाचा पापुद्रा सोलून निघाला. एका जागी पट्टी रुतली आणि आतून सुईसारखा बारीक आवाज आला, फुस्स. थोड्या वेळाने थांबला. पेंटरांनी वाकून बघितलं. काही दिसलं नाही. झडप लावली, ती बरोबर बसली. दार उघडलं की दिवा लागत होता, मोटर गुणगुणत होती. त्यांनी त्याच दिवशी शिजवलेलं सूप आत ठेवलं आणि ते कामावर गेले.

संध्याकाळी पाण्याची बाटली काढली तर ती गार नव्हती. बर्फ नुकताच काढलाय, वेळ लागत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. दिवस उन्हाचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सूप वाफ येईपर्यंत गरम केलं, निववलं, बायकोच्या पाठीला उशी लावली आणि चमचा पुढे केला. तिने ओठ मिटून घेतले.

"भूक नाही का?"

"हो."

"मग उघड ना तोंड."

तिने डाव्या हाताने वाटी ढकलली. थोडं सूप चादरीवर सांडलं. भर उन्हातून आलेले पेंटर वैतागले.

"लहान आहेस का तू आता? मला परत कामावर जायचंय."

"हो, हो, हो," ती म्हणत राहिली आणि मान फिरवू लागली. पेंटरांनी तिचा डावा हात आपल्या हातात धरून ठेवला आणि एकेक चमचा करत अर्धी वाटी तिच्या पोटात घातली. शेवटी शेवटी तिने विरोधच केला नाही. तिचं तोंड पुसून, दार लोटून ते निघून गेले.

संध्याकाळी आले तेव्हा उशी उलटीने भरली होती आणि बायकोचा श्वास घरघरत होता.

उलटीतलं थोडं फुप्फुसात गेलं होतं. दवाखान्यात तिला नळ्या लावल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं? वास येत होता का अन्नाला?"

"सूप," पेंटर म्हणाले. वासाचं त्यांना कळत नसे. थिनर आणि टर्पेंटाइनमध्ये नाक कधीच मेलं होतं. दूध नासलंय की नाही, हेसुद्धा आजवर बायकोच हुंगून सांगायची. दुपारीही तिने सांगितलंच होतं, जमेल तसं. तिचा हात आपण धरून ठेवला होता, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

आईचे कपडे न्यायला मुलगी घरी गेली. तिने फ्रिज उघडला आणि दोन पावलं मागे सरकली.  परत आल्यावर ती दवाखान्यातल्या बाकावर बापाशेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून.

घरी फ्रिजचा दुरुस्तीवाला आला, त्याने बर्फाच्या कप्प्यावर बोट फिरवलं. "कशाने खरवडलंत?"

"पट्टीने."

"या पत्र्यातच नळी असते. तिला भोक पडलंय. गॅस निघून गेला. दिवा लागतो, मोटर फिरते, पण गार करणारं आत काही उरलं नाही." मग तो म्हणाला, "पुष्कळ जण करतात असं, काका."

पेंटरांना त्याने काही बरं वाटलं नाही.

बायको वाचली. पण अंगातली होती नव्हती ती शक्ती गेली. ती शुद्धीवर आल्यावर पेंटर तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, तो आवाज, गार नसलेली बाटली. "तू नको म्हणत होतीस आणि मी कोंबलं," ते म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी तिने परत त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी न्यायची वेळ आली तेव्हा मुलीने विचारलं, "आई, माझ्याकडे येतेस?"

"हो."

"की बाबांकडे राहतेस?"

"हो."

 शेवटी पेंटरच म्हणाले, "तू ने." आपल्यावर विश्वास ठेव असं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

मुलीच्या घरी आईसाठी बाई ठेवली. बाईंच्या हातून ती थोडं खायची, मुलीच्या हातून त्याहून जरा जास्त. पेंटर रोज दुपारी सायकल मारत तिथे जाऊ लागले. पहिले काही दिवस नुसते बसायचे. मग एकदा बाईंनी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चमचा उचलला नाही. आधी वाटी बायकोच्या नाकाजवळ धरली आणि थांबले. तिने हुंगलं. बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि मग तोंड उघडलं. त्यानंतर ते रोज तसंच करू लागले. कधी ती मान फिरवायची. अन्न चांगलं असायचं, तिला नको असायचं, एवढंच. पेंटर वाटी खाली ठेवायचे.

मुलगी हे येता-जाता बघत होती.  आपला फ्रिज मात्र ती त्यांना उघडू देत नसे, डबा स्वतः काढून द्यायची नाहीतर बाईंकडून देववायची. पेंटरही त्या दिशेला जात नसत. पाणी लागलं तर नळाचं प्यायचे.

पावसाळा संपत आला तेव्हा बाई एक दिवस आल्या नाहीत. मुलगी कामावर जायच्या गडबडीत होती. निरोप मिळाल्यावर पेंटर लवकर येऊन दारात चपला काढत होते. ती खांद्याला पर्स अडकवत थांबली.

"बाबा, सूप वरच्या फळीवर आहे, निळ्या डब्यात. उरलं तर झाकण लावून परत ठेवा. दार नीट दाबा, जरा अडतं ते."

"बरं," पेंटर म्हणाले.

ती जिना उतरून गेली. ते आत गेले, हात धुतले, पुसले, आणि बायकोला दिसेल असं तिच्या खोलीचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात शिरले.